अकिलीज म्हणजे आपली जुनी आयएनएस दिल्लीच का? आणि लाईट क्रूझरने पॉकेट बॅटलशिपला कसं पळवलं?

प्रश्न असा आहे की दुसऱ्या महायुद्धात अकिलीज नावाच्या ब्रिटिश "लाईट" क्रूझरने जर्मनांच्या ग्राफ स्पे या पॉकेट बॅटलशिपशी टक्कर घेतली आणि शेवटी ग्राफ स्पेच पळाली, हे कसं काय शक्य झालं, आणि तीच बोट नंतर आपल्या नौदलात आयएनएस दिल्ली म्हणून होती हे खरं आहे की व्हॉट्सॅपवरची थाप?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते एका शब्दाचं आहे. खरं आहे. मी त्या बोटीच्या मेस डेकवर झोपलोय, जेवलोय आणि तिच्या डेकवर गुडघे टेकून ब्रासही घासलंय, सत्तरच्या दशकात, तेव्हा ती ट्रेनिंगची बोट होती आणि मी गनरीतला नवीन पोरगा होतो. नंतर नोकरीभर तोफा आणि फायर कंट्रोल हेच केलं, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी "लाईट" या शब्दाचा घोळ. लाईट क्रूझर म्हणजे वजनाने हलकी बोट असं नाही. १९३० च्या लंडन करारात क्रूझरचे दोन वर्ग केले ते तोफेच्या तोंडावरून, साधारण सहा इंचापर्यंत तोफ असली की लाईट आणि आठ इंचापर्यंत असली की हेवी. अकिलीज ७,००० टनांच्या वरची, १६९ मीटर लांब, चार शाफ्ट, ३२ नॉटच्या वर पळणारी. लिअँडर क्लास. बर्कनहेडला कॅमेल लेअर्डच्या यार्डात बांधली, १९३२ साली पाण्यात उतरली, १९३३ ला कमिशन झाली. तोफा सहा इंची, आठ. दोन-दोनच्या चार टरेटमध्ये (तोफांचे फिरते चिलखती घुमट), पुढे ए आणि बी, मागे एक्स आणि वाय. ही अक्षरं लक्षात ठेवा, पुढे एक्स आणि वाय दोघांचीही गोष्ट येणार आहे.

१९३० च्या दशकातच ती रॉयल नेव्हीच्या न्यूझीलंड डिव्हिजनला दिली होती, म्हणजे बोट ब्रिटिशांची, अड्डा ऑकलंडला आणि माणसं मिसळलेली. युद्ध सुरू झालं तेव्हा बोटीवरच्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त न्यूझीलंडचे होते. कॅप्टन मात्र इंग्रज, विल्यम एडवर्ड पॅरी. हे नावही लक्षात ठेवा.

आता समोरची पार्टी. अॅडमिरल ग्राफ स्पे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनांना १०,००० टनांच्या वर युद्धनौका बांधायला बंदी होती, त्यात बसवून (खरं तर जास्तीचं वजन लपवून) त्यांनी अशी बोट काढली (हीच पॉकेट बॅटलशिप, लहान अंगात मोठ्या तोफा) की जिच्यावर अकरा इंची सहा तोफा, डिझेल इंजिनं, त्यामुळे महिनोन् महिने समुद्रात फिरायची ताकद. कल्पना सरळ होती, जी बोट हिला गाठू शकेल ती हिच्याशी लढू शकणार नाही आणि जी लढू शकेल ती हिला गाठू शकणार नाही. गोळ्याचं वजन बघा म्हणजे समजेल. अकिलीजचा एक गोळा साधारण ५१ किलोचा. ग्राफ स्पेचा एक गोळा ३०० किलोचा. अकिलीजच्या आठही तोफा एकदम सुटल्या तरी चारशे किलोच्या आसपास लोखंड जायचं, समोरून एका झटक्यात १,८०० किलो यायचं, शिवाय तिच्या दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ सहा इंची आणखी आठ छोट्या तोफा होत्याच. रेंजचं तर विचारूच नका, अकरा इंची तोफ ३५ किलोमीटरच्या पुढे मारते, सहा इंची २३ च्या आसपास. कागदावर ही मॅच नव्हतीच.

ग्राफ स्पेने १९३९ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये दक्षिण अटलांटिक आणि हिंदी महासागरात नऊ व्यापारी जहाजं बुडवली, आणि हे सांगायला पाहिजे की त्या नऊ जहाजांवरचा एकही माणूस तिने मारला नाही. कॅप्टन हान्स लांग्सडॉर्फ, जुन्या वळणाचा माणूस. आधी लोक उतरवायचा मग बोट बुडवायचा.

तिला शोधायला ब्रिटिश-फ्रेंच मिळून कितीतरी तुकड्या बाहेर पडल्या होत्या. दक्षिण अमेरिकेच्या बाजूला कमोडोर हेन्री हारवूड, त्याच्याकडे अजॅक्स, अकिलीज या दोन लाईट आणि एक्झीटर ही आठ इंचीवाली हेवी. कंबरलंड पण होती पण ती फॉकलंडला दुरुस्तीत. २ डिसेंबरला आफ्रिकेच्या बाजूने डोरिक स्टार नावाच्या जहाजाने बुडता बुडता वायरलेसवर आपली जागा कळवली, दुसऱ्या दिवशी तैरोआने. हारवूडने चार्टवर पेन्सिल घेऊन हिशोब केला की हा माणूस पंधरा नॉटने आला तर रिओला १२ तारखेला पोचेल, ला प्लाता नदीच्या तोंडाशी १२ ची संध्याकाळ किंवा १३ ची पहाट, फॉकलंडला १४. आणि त्याने ला प्लाता निवडली, कारण माल तिथून निघतो, धान्य आणि मांस भरलेली जहाजं तिथून इंग्लंडला जातात. तीन हजार मैलांवरच्या एका तारेवरून मारलेला अंदाज आणि तो अगदी पहाटेपर्यंत बरोबर निघाला. लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणतो वाघ पाणवठ्यावर येणारच, तिथे बसायला पाहिजे.

१२ तारखेला त्याने तिघी बोटींना आपला बेत कळवून ठेवला, दिसली की लगेच हल्ला, दिवस असो की रात्र. आणि दोन बाजूंनी. एक्झीटर एकीकडून, अजॅक्स-अकिलीज जोडीने दुसरीकडून. म्हणजे ग्राफ स्पेला एकतर दोन टरेट दोन दिशांना वाटायला लागतील नाहीतर एक बाजू मोकळी सोडावी लागेल. मोठा गोळा तुमच्याकडे नसला तर समोरच्याचं लक्ष फोडा, एवढाच त्यातला डाव. आणि तो लढाई सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच सगळ्यांच्या डोक्यात बसलेला होता, ऐनवेळी सिग्नल पाठवत बसायला लागलं नाही.

१३ डिसेंबरची पहाट, सव्वासहाला दोनेक मिनिटं कमी असताना क्षितिजावर धूर दिसला. एक्झीटर बघायला गेली आणि दोन मिनिटांत कळवलं की पॉकेट बॅटलशिप वाटतेय. सहा अठराला ग्राफ स्पेने फायर उघडलं, अंतर सतरा-अठरा किलोमीटर. लांग्सडॉर्फला म्हणे वाटलं होतं की समोर एक क्रूझर आणि दोन डिस्ट्रॉयर आहेत, एखाद्या कॉन्व्हॉयची (व्यापारी जहाजांच्या ताफ्याची) राखण करणारे, त्यामुळे तो लांब राहायचं सोडून सरळ जवळ आला. ही त्याची पहिली चूक आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. ३५ किलोमीटर मारणारी तोफ हातात असताना २३ वाल्याच्या रेंजमध्ये स्वतः चालत जायचं कशाला?

सुरुवातीला त्याने सगळा मारा एक्झीटरवर केला आणि तिची हालत फार वाईट झाली. बी टरेट गेलं, ब्रिजवर छऱ्यांचा पाऊस पडून जवळजवळ सगळे मेले, कॅप्टन बेल मागच्या बाजूला जाऊन होडीतलं होकायंत्र घेऊन, माणसांची साखळी लावून तोंडी ऑर्डर पोचवत जहाज चालवत होता. तिच्यावर ६१ माणसं गेली. पण तो सगळा वेळ अजॅक्स आणि अकिलीज दुसऱ्या बाजूने गोळे टाकत जवळ जवळ सरकत होत्या, सहा इंची तोफ मिनिटाला सहा-आठ गोळे सहज टाकते, त्यामुळे छोटी असली तरी ती माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, इथे मी थांबणार आहे.

अशा बोटीवर तोफ कोण मारतो? टरेटमधला माणूस, असं सगळ्यांना वाटतं. नाही. टरेटमधल्याला बऱ्याचदा शत्रू दिसतच नाही. ब्रिजच्या वर एक छोटी फिरती खोली असते, डायरेक्टर कंट्रोल टॉवर, आम्ही डीसीटी म्हणायचो. त्यात गनरी ऑफिसर, स्पॉटिंगवाला (गोळे कुठे पडले ते बघणारा), लेअर (वर-खाली नेम धरणारा), ट्रेनर (आडवा नेम धरणारा), टेलिग्राफिस्ट असे लोक गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. वरून ते दुर्बिणीने टार्गेट धरून ठेवतात. अंतर, दिशा, समोरच्याचा वेग हे सगळं खाली बोटीच्या पोटात टीएसमध्ये जातं, ट्रान्समिटिंग स्टेशन, तिथे एक भलंमोठं दातेरी चाकांचं टेबल असतं, म्हणजे त्या काळचा कॉम्प्युटरच, वीज आणि गिअरवर चालणारा. ते टेबल सांगतं की गोळा पोचेपर्यंत शत्रू कुठे असेल, आपली बोट किती हलेल, वारा काय करेल. (ब्रिटिश जहाजांवर टीएसमध्ये मरीन बँडचे वादक बसवायची पद्धत होती, ताल चुकत नाही म्हणून असेल.) तिथून उत्तर टरेटमध्ये एका डायलवर काटा फिरून जातं आणि टरेटमधल्याचं काम एकच, काट्यावर काटा बसवायचा. वरचा लेअर ट्रिगर दाबतो आणि आठही तोफा एकदम सुटतात. म्हणजे अख्ख्या बोटीचे डोळे त्या एका खोलीत. आणि त्या खोलीचा पत्रा? छरे अडवायलासुद्धा पुरेसा नव्हता.

सहा चाळीसच्या सुमारास ग्राफ स्पेचा एक अकरा इंची गोळा अकिलीजच्या अलीकडे, ब्रिजच्या बरोबर समोर पाण्यात पडून फुटला. बोटीला लागला नाही. लक्षात घ्या, लागलाच नाही. नुसते छरे उडाले आणि ते डीसीटीचा पत्रा फोडून आत शिरले. आतले काही जागीच गेले, त्या दिवशी अकिलीजवर एकूण चार माणसं गेली. गनरी ऑफिसर लेफ्टनंट वॉशबर्नच्या डोक्याला लागून तो काही क्षण बधिर झाला, खाली ब्रिजवर कॅप्टन पॅरीच्या दोन्ही पायांत छरे घुसले. फायर थोडा वेळ मागच्या कंट्रोलकडे गेलं आणि मग वॉशबर्न भानावर आला, डीसीटी पुन्हा चालू झाला, मेलेली माणसं तिथेच, हलवायला जागाच नाही. मरीनचा सार्जंट ट्रिंबल चांगलाच जखमी झाला होता, तो हूं की चूं न करता पुढचा तासभर आपल्या जागेवर होता हे इतरांना नंतर कळलं. एक पोरगं, बॉय सीमन, शेजारी पडलेल्या प्रेतांच्या मधे बसून टेलिफोनवर तोफांना बातम्या देत राहिलं, आणि त्याला तो मेलाय अशी बातमी खाली ऐकू आली तेव्हा त्याने स्वतःच ती खोडून काढली असं सांगतात.

मी पहिल्यांदा दिल्लीच्या डीसीटीत चढलो तेव्हा आमच्या चीफने, कोकणातलाच होता, दार उघडून एवढंच म्हटलं, "आत जाताना डोकं सांभाळ, आणि इथे चार जण गेलेत, दंगा करायचा नाही." बस्स. त्यावर भाषण नाही. आत बसल्यावर मला सगळ्यात आधी जाणवलं ते हे की बाहेर पडायला वेळच मिळणार नाही, इतकी अडचण. पोरांना मी नंतर शिकवताना सांगायचो की चिलखत टरेटला देतात, डोळ्यांना कुणी देत नाही.

त्याच सुमारास दुसरा घोळ झाला. अजॅक्स आणि अकिलीज मिळून एकत्रित मारा करत होत्या, म्हणजे कंट्रोल अजॅक्सकडे आणि रेडिओवरून दोन्ही बोटींचं फायर एकच असल्यासारखं जुळवायचं. थोड्याच वेळात अकिलीजचा तो रेडिओ बंद पडला. आता अकिलीज स्वतःच्या अंदाजाने मारायला लागली, पण वर अजॅक्सचं सीफॉक्स विमान उडत होतं, कॅटापल्टवरून सोडलेलं, आणि त्यातला माणूस पाण्यात उडणारे फवारे बघून "कमी पडतंय" असं कळवत होता. फवारे होते अकिलीजचे, कळवत होता अजॅक्सला. अजॅक्सने रेंज वाढवली आणि तिचे गोळे ग्राफ स्पेच्या डोक्यावरून पलीकडे जायला लागले. बराच वेळ असंच चाललं.

हे वाचून हसू नका. आम्ही एका सरावात दोन बोटी एकाच टार्गेटवर मारत होतो आणि मी शेजारच्या बोटीचा फवारा आपला समजून "अप ४००" (म्हणजे रेंज ४०० ने वाढवा) दिलं, पुढचा सॅल्व्हो (एकदम सोडलेले गोळे) टार्गेट ओढणाऱ्या बोटीच्या बाजूला गेला आणि माझी जी काढली गेली ती आजही कानात आहे. पांढरा फवारा पांढराच दिसतो, त्यावर नाव लिहिलेलं नसतं. पुढे पुढे गोळ्यात रंग घालायला लागले ते यासाठीच.

तरीही एकूण वीसेक गोळे ग्राफ स्पेला लागलेच. सहा इंची गोळा तिचं मुख्य चिलखत फोडू शकत नाही, पण बोट म्हणजे नुसतं चिलखत नसतं. किचन गेलं, पिण्याचं पाणी करायचं यंत्र गेलं, पुढच्या बाजूला माणूस आरामात आत जाईल एवढं भोक पडलं, इंधन शुद्ध करायची सोय निकामी झाली. ३६ माणसं मेली, कॅप्टन स्वतः जखमी. घरापासून हजारो मैल लांब असलेल्या बोटीला यातलं काहीही दुरुस्त करायला बंदर नाही. म्हणजे तरंगत होती, पळत होती, मारतही होती, पण उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यातून जर्मनीला पोचायची खात्री राहिली नव्हती.

इकडे अजॅक्सची मागची दोन्ही टरेट एका गोळ्यात बंद पडली, सात माणसं गेली. अकिलीजने बाराशेच्या वर गोळे मारले होते. पावणेआठच्या आधी हारवूडला खबर मिळाली की दारूगोळा वीस टक्केच उरलाय, आणि त्याने माघार घेतली, लांबून पाठलाग करायचं ठरवलं. नंतर कळलं की ती वीस टक्क्यांची गोष्ट एकाच टरेटची होती. असो, त्या घडीला त्याच्याकडे तेवढीच माहिती होती. आणि त्याच वेळेला ग्राफ स्पेने तोंड फिरवलं आणि पश्चिमेला पळायला लागली. दोन्ही बाजू एकाच वेळी मागे हटल्या, पण पाठलाग करणारे कोण आणि पळणारा कोण हे ठरून गेलं.

दिवसभर दोघी तिच्या मागे. दहाच्या सुमारास अकिलीज जरा जास्तच जवळ गेली, समोरचीचा वेग जास्त धरला होता, तशी ग्राफ स्पेने वळून दोन-तीन सॅल्व्हो टाकले, एक अगदी खेटून पडला, अकिलीजने धूर सोडला आणि बाजूला झाली. संध्याकाळी सूर्य बुडताना ग्राफ स्पे मावळतीच्या उजेडावर काळीभोर दिसत होती आणि पाठलागवाल्या अंधारात, तेव्हा पुन्हा थोडी फैर झाडली गेली. मध्यरात्रीनंतर ती मॉन्टेव्हिडिओत शिरली. उरुग्वे तटस्थ देश.

पुढचं बंदरातलं राजकारण मी पटकन सांगतो. उरुग्वेने ७२ तास दिले. ब्रिटिशांनी आधी आरडाओरडा केला की हाकला तिला, मग लक्षात आलं की बाहेर फक्त दोन जखमी लाईट क्रूझर आहेत, तेव्हा उलटं वळण घेऊन तिला अडकवून ठेवायला लागले. नियम असा की शत्रूचं व्यापारी जहाज सुटलं की युद्धनौकेला २४ तास थांबावं लागतं, म्हणून मुद्दाम एकेक व्यापारी जहाज सोडायला लागले. आणि रिनाउन, आर्क रॉयल या मोठ्या बोटी जवळ आल्यात अशी हवा केली, अर्जेंटिनात इंधनाची ऑर्डर देऊन. प्रत्यक्षात आली होती फक्त कंबरलंड, १४ च्या रात्री, बाकीच्या अजून फार लांब. १७ डिसेंबरला संध्याकाळी लांग्सडॉर्फने थोडेसेच लोक घेऊन बोट बाहेर काढली आणि नदीच्या मुखात स्वतःच उडवून दिली. किनाऱ्यावर हजारोंची गर्दी. बाहेर अजॅक्स आणि अकिलीजची माणसं डेकवर येऊन एकमेकांकडे बघून ओरडत होती. दोन-तीन दिवसांत ब्यूनोस आयर्सच्या खोलीत लांग्सडॉर्फने स्वतःला गोळी मारून घेतली.

बऱ्याच ठिकाणी वाचाल की ब्रिटिशांनी थापा मारून ग्राफ स्पे बुडवली. मला ते अर्धवट वाटतं. थाप चालली कारण १३ तारखेला तीन छोट्या बोटी खरोखर अंगावर आल्या होत्या आणि त्यातल्या दोघींनी दिवसभर पाठ सोडली नव्हती. ज्या माणसाने सकाळी असे लोक पाहिले त्याला रात्री बाहेर रिनाउन उभी आहे हे पटतं. नाहीतर इंधनाच्या ऑर्डरीवरून कुणी बोट उडवत नाही हो. लांग्सडॉर्फला भित्रा म्हणणारेही मला पटत नाहीत, हजारभर पोरं त्याने जिवंत उतरवली, आता दारूगोळा कमी आणि बोट भोकं पडलेली, हे तुम्ही खुर्चीत बसून ठरवू नका.

अकिलीज २३ फेब्रुवारी १९४० ला ऑकलंडला परतली तेव्हा रस्त्यावर लाखभर लोक आले होते म्हणतात. त्या लढाईत तिच्या डोलकाठीवर न्यूझीलंडचा झेंडा चढवला होता, त्यामुळे त्यांच्यासाठी ती बोट म्हणजे काय हे आपण समजू शकतो. आणि तो डोक्याला लागलेला वॉशबर्न पुढे न्यूझीलंडच्या नौदलाचा प्रमुख झाला.

आता ऐंशी मिनिटांची लढाई सोडली तर बाकीचं युद्ध कसं गेलं? बहुतेक कंटाळ्यात. कॉन्व्हॉयची राखण, गस्त, पुन्हा राखण. लाईट क्रूझरचं खरं काम तेच. १९४० मध्ये न्यूझीलंडच्या आसपास जर्मन वेषांतर केलेली जहाजं यायची, रंगीताने नावाचं मोठं प्रवासी जहाज त्यांनी बुडवलं, अकिलीज धावत गेली तेव्हा पाण्यावर तेल आणि सामान तरंगत होतं, बस्स. १ ऑक्टोबर १९४१ ला न्यूझीलंडचं स्वतंत्र नौदल झालं आणि अकिलीज त्यांची झाली.

५ जानेवारी १९४३, ग्वाडलकॅनालजवळ अमेरिकन क्रूझरांबरोबर असताना जपानी डाइव्ह बॉम्बर आले आणि एक बॉम्ब सरळ एक्स टरेटवर. १३ माणसं गेली आणि टरेटचं छप्पर उघडं पडलं. त्याच हल्ल्यात शेजारच्या हेलेना या अमेरिकन क्रूझरने पहिल्यांदा प्रॉक्सिमिटी फ्यूजचे गोळे वापरून विमान पाडलं, म्हणजे विमानाजवळ गेला की आपोआप फुटणारा गोळा. गनरीवाल्यांसाठी ती तारीख म्हणजे एक युग संपलं आणि दुसरं सुरू झालं, आणि दोन्ही एकाच ठिकाणी, काही मिनिटांत.

मग इंग्लंडात पोर्ट्समथला मोठी रिफिट, म्हणजे दुरुस्ती आणि फेरबदल. तिथेही नशीब आडवं आलं, जून १९४३ मध्ये रिकाम्या इंधनाच्या टाकीत स्फोट होऊन यार्डचे १४ कामगार मेले, तिच्या एका स्टोकरने (बॉयलरवरच्या खलाशाने) आत उतरून माणसं काढली म्हणून त्याला अल्बर्ट मेडल हे शौर्यपदक मिळालं. ला प्लाताच्या लढाईत चार गेले आणि गोदीत उभी असताना चौदा. टाकी, गॅस, वेल्डिंग, ज्याने डॉकयार्डात काम केलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. रिफिटमध्ये एक्स टरेट कायमचं काढून त्या जागी विमानविरोधी तोफा बसवल्या, म्हणजे आठाच्या सहा तोफा राहिल्या. १९४५ मध्ये ती ब्रिटिश पॅसिफिक फ्लीटबरोबर ओकिनावा आणि जपानच्या बाजूला होती, १९४६ ला रॉयल नेव्हीला परत.

आणि ५ जुलै १९४८ ला ती आपली झाली. एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) दिल्ली, नंतर प्रजासत्ताक झाल्यावर आयएनएस. स्वतंत्र भारताची पहिली क्रूझर. कॅप्टन इंग्रज होता पण त्याच्या खालचा एक्झिक्युटिव्ह ऑफिसर रामदास कटारी, जे पुढे नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. सप्टेंबरमध्ये मुंबईत आली. आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव, पॅरी. पायात छरे घेऊन अकिलीजच्या ब्रिजवर उभा होता तोच माणूस १९४८ ते १९५१ भारतीय नौदलाचा कमांडर-इन-चीफ होता. म्हणजे त्याची जुनी बोट त्याच्याच नव्या ताफ्याची फ्लॅगशिप. १९५० मध्ये पंडित नेहरू याच बोटीने इंडोनेशियाला गेले होते. १९५६ साली त्या लढाईवर इंग्रजी सिनेमा आला त्यात अकिलीजचं काम आपल्या दिल्लीनेच केलं, आणि तोफांच्या जागी बघितलंत तर तीनच टरेट दिसतील, १९३९ ला चार असायला पाहिजेत.

डिसेंबर १९६१ ला गोव्याच्या कारवाईत ती गोव्यासमोर नव्हती, ती होती दीवला. १८ तारखेला पहाटे तिथे तिने सहा इंची तोफांनी किल्ल्यावर मारा करून आपल्या पायदळाला मदत केली. गोव्याकडे अंजदीव बेटावर गेली ती म्हैसूर, आणि तीही मूळची ब्रिटिश लाईट क्रूझरच, एचएमएस नायजेरिया. म्हणजे या ऑपरेशनमध्ये आपल्या दोन्ही क्रूझर युद्ध बघितलेल्या म्हाताऱ्या होत्या. आमचे चीफ दीवच्या वेळी बोटीवर होते, त्यांना विचारलं की कसं होतं तर म्हणायचे, "काय नाय रे, आवाज झाला आणि मेसमधली सगळी ताटं खाली."

३० जून १९७८ ला मुंबईत डिकमिशन झाली आणि मोडीत गेली. वाचलं ते वाय टरेट, सगळ्यात मागचं, ते भारताने न्यूझीलंडला भेट दिलं आणि ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नेव्हल बेसवर आहे. तुमच्यापैकी कुणी तिकडे असेल तर जाऊन या, दोन नळ्या दिसतील, त्या १३ डिसेंबरलाही बोटीवर होत्या की मधे बदलल्या ते मला विचारू नका, तोफेच्या नळ्या झिजतात आणि बदलतात.

आणि एक, नेटवर "आयएनएस दिल्ली" म्हणून जे फोटो फिरतात त्यात अर्ध्या वेळा माझगाव डॉकने बांधलेली १९९७ ची नवी डिस्ट्रॉयर असते. जुन्या बोटीचा फोटो असेल तर मागच्या बाजूची टरेट मोजा. दोन असली तर तो अकिलीजचा, १९४३ च्या आधीचा. एकच असेल तर ती आपली दिल्ली किंवा युद्धाच्या शेवटची अकिलीज, मग झेंडा बघून ठरवा.